फऱ्याचं मटण आणि परसातला पावटा

माघातला रविवार. सात वाजायचेत, तरी खाटकाच्या दुकानापुढं माणसं पिशव्या आणि डबे घेऊन उभी आहेत. पंचगंगेकडून आलेलं धुकं उसाच्या फडांवर अजून बसून आहे आणि कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोडसर धूर गावात शिरतोय. करवीर तालुक्यातलं हे गाव म्हणजे माझ्या मावशीचं सासर. काकांनी कानाला मफलर गुंडाळलाय. त्यांच्या हातात झाकणाचा स्टीलचा डबा आहे, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत मटण घामेजतं, असं त्यांचं म्हणणं.

दुकानाला वर पत्रा, खाली धुतलेली फरशी आणि मधोमध चिंचेच्या लाकडाचा जाड ओंडका. चिंचेचं लाकूड घट्ट आणि चिवट. दिवसभर सत्तूर बसला तरी त्याच्या ढलप्या उडून मटणात मिसळत नाहीत. आकड्यांना डावीकडं बोकड टांगलाय आणि उजवीकडं जत भागातून आलेलं माडग्याळी मेंढरू. काका दर विचारत नाहीत. आधी बघतात.

“तात्या, बोकड कवाचा?”

“पहाटंचा. वर्साच्या आतला हाय. बरगडी बघा की.”

बरगडी खरंच बारीक आहे. चरबी पांढरी आणि मांस फिकट लाल. चरबीवर पिवळी झाक आणि मांसाचा रंग गडद असला की जनावर निबर, हे काका मला हळू आवाजात सांगतात. मग मांडीवर अंगठा दाबतात. खळगा लगेच भरून येतो. मान हलवून ते पुढं होतात.

“मेंढराचं न्हाई घेत?” मी विचारतो.

“सुक्क्याला ते झ्याक. चरबी जादा असती. पर आज तुझी मावशी पांढरा रस्सा करणार हाय. त्याला बोकडच.”

आता मागणी सुरू होते, आणि मला ऐकायची असते ती हीच. ‘दोन किलो द्या’ एवढं म्हणून काका गप्प बसत नाहीत. मागच्या फऱ्यातलं एक किलो, सुक्क्यासाठी. पुढच्या फऱ्यातलं आणि गर्दनीचं मिळून पाऊण किलो, रश्शासाठी. त्यात सीन्याचे थोडे तुकडे, चरबीच्या पदरासकट. दोन नळ्या. पोरांसाठी चापा वेगळ्या. कलेजी पावशेर, पण ती कागदात स्वतंत्र, बाकीच्या मटणात मिसळायची नाही. शेजारी उभा असलेला एक तरुण निव्वळ बिनहाडाचं मागतोय. काका त्याच्याकडं वळून सांगतात, “बाळा, रस्सा कशाचा करणार मग?”

त्यांचं खरं आहे. पुढचे पाय आणि मान यांना जनावर दिवसभर कामाला लावतं, म्हणून तिथल्या मांसात शिरा आणि पातळ पडदे जास्त असतात. आचेवर घाई केली तर हेच तुकडे चिवट लागतात. मंद आचेवर वेळ दिला तर त्यातलं चिकट सत्त्व विरघळून पाण्यात उतरतं आणि रश्शाला अंग येतं. मागच्या मांडीचं मांस मऊ आणि भरीव असतं. ते परतून कोरडं करायला चांगलं. एकाच जनावराच्या दोन फऱ्यांना दोन वेगळे स्वयंपाक लागतात, आणि हा निवाडा या ओंडक्यापाशीच व्हावा लागतो. घरी जाऊन तो करता येत नाही.

तात्या सांधा चाचपतात आणि सत्तूर नेमका तिथं टाकतात. हाड फुटत नाही, सुटतं. घाईत हाड ठेचलं की त्याचा कच रश्शात तळाशी बसतो आणि पहिल्याच घासाला दाताखाली येतो. नळ्या मात्र ते मधोमध एकाच घावात तोडतात. आतला गुलाबी-पांढरा मगज दिसतो आणि काकांचा चेहरा उजळतो.

मटणाबद्दल या भागात कुणी हलकेपणानं बोलत नाही. २०१९ च्या अखेरीस दरावरून कोल्हापुरात ग्राहक आणि विक्रेते समोरासमोर उभे राहिले होते, विक्री बंद पडली होती, बैठकांवर बैठका झाल्या होत्या. बाहेरच्यांना त्याचं नवल वाटलं. आठवड्यातला एक दिवस सगळं घर एका पातेल्याभोवती बसणार असेल, तर त्या पातेल्यात काय पडतं आणि किती पैशाला पडतं, यावर माणसं बोलणारच.

घरी मावशी मागच्या दारी आहे.

हे परस फार मोठं नाही. एका अंगाला न्हाणी. तिचं सांडपाणी चरातून अळू आणि केळीला जातं. दुसऱ्या अंगाला नारळ आणि त्याखाली तीन दगडांची चूल. कुंपणावर पावट्याचा वेल इतका माजलाय की काट्या दिसत नाहीत. मधल्या वाफ्यांत लसूण, कांदा, मेथी, मुळा, कोथिंबीर. वांग्याची झाडं कडेनं. लिंबू, कढीपत्ता, शेवगा. २०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या महापुरात इथं पाणी चढलं होतं. लिंबाच्या बुंध्यावरची मातकट खूण मावशी मला हातानं दाखवते.

“समदं गेलं हुतं. पर पानी जाताना गाळ ठिवून गेलं. त्या साली वांगी किती लागली म्हणून सांगू!”

ती पाटी घेऊन वाफ्यांतून फिरते आणि मी मागोमाग. पावट्याच्या शेंगा ती नुसत्या बघून तोडत नाही, बोटात धरून दाणा चाचपते. दाणा भरलेला हवा, पण साल अजून हिरवं हवं. साल पिवळं पडलं की दाणा पिठाळ होतो. वांगी लिंबाएवढीच, देठाला काटे ताठ असलेली. मेथी फुलावर यायच्या आतली. कोथिंबीर मुळासकट उपटते, कारण देठ वाटणात जाणार आणि पानं वर पडणार. ओला लसूण ती उपटत नाही, पात विळ्यानं कापून घेते. गड्डा जमिनीत राहू दे, पुढच्या आठवड्याला आणखी पात येईल. हे सगळं चुलीपासून दहा पावलांवर आहे. भाजी तोडून भांड्यात पडेपर्यंत तिला मलूल व्हायला वेळच मिळत नाही.

शेवग्याखाली गोणपाटावर आजी बसल्यात, मावशीच्या सासूबाई. गळ्यात तुळशीची माळ. आजी मटण खात नाहीत, त्याच्या भांड्याला शिवत नाहीत. म्हणूनच या घरात मटण आत शिजत नाही. ते इथं परसात, या तीन दगडांवर, वेगळ्या पातेल्यात आणि वेगळ्या पळीनं होतं. या बाजूच्या कितीतरी माळकरी घरांत हीच रीत आहे. कुणी कुणाला अडवत नाही, कुणी कुणाचं बाटवत नाही. आजी पावटा सोलता सोलता चुलीकडं न बघताच सांगतात, “जाळ मोठा झालाय गं. वासावरनं कळतंय.”

“व्हय आत्याबाई, वडतो मागं,” मावशी म्हणते आणि एक लाकूड बाहेर ओढते.

पातेल्याला बाहेरून चिखलाचा हात फिरवलाय, म्हणजे घासताना काजळी मातीबरोबर निघून जाते. आत थोडं तेल, उभा चिरलेला कांदा. कांदा मऊ झाल्यावर आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मीठ आणि मग रश्शाचं मटण. गर्दन, पुढचा फरा, नळ्या तळाशी, सीना वर. मसाल्याचा अजून पत्ता नाही. मावशी खालीवर करते, मटण पांढुरकं होतं आणि त्याला त्याचंच पाणी सुटतं. आता ती झाकण म्हणून पितळी परात ठेवते आणि परातीत पाणी ओतते. खालची वाफ वर परातीला लागते, थंड होते आणि थेंब होऊन परत मटणावर पडते. मधल्या मधे परातीतलं पाणी तापतं. पातेल्यात भर घालायची वेळ आली की तेच गरम पाणी आत जातं. गार पाणी घातलं तर शिजणारं मटण आखडतं. ही परात म्हणजे झाकणही आणि पाणी तापवायचं भांडंही.

मांडीचे तुकडे ती उशिरा टाकते, कारण ते लवकर शिजतात. कुकरमध्ये हे जमत नाही. कुकर वाईट नाही, नोकरीच्या घरात तोच आधार आहे. पण त्याचं झाकण एकदा लागलं की गर्दन आणि मांडी एकाच शिट्टीला शिजवावी लागते. मग एक तरी कमी शिजते, नाहीतर दुसरी तरी धाग्याधाग्यानं सुटते. इथं मावशी पळीत एक तुकडा घेते, नखानं टोचते, परत सोडते. घड्याळ तिनं बघितलेलं मला दिसत नाही.

तोवर आत गॅसवर आजींचा पावटा मावशीच्या सूनबाईनं चढवलाय. त्याचीही पद्धत हीच. आधी मीठ-हळदीच्या पाण्यात पावटा आणि वांग्याच्या फोडी, बोटचेप्या होईपर्यंत. आजींना कांदा-लसूण चालतो, फक्त एकादशीला नाही. म्हणून थोडा ओला लसूण ठेचून फोडणीला, वर शेंगदाण्याचं कूट, चिमूटभर चटणी. सूनबाई डाव फिरवत नाही, पातेलंच दोन्ही हातांनी धरून हिसळते, म्हणजे दाणा मोडत नाही.

परसात आता वास बदललाय. परात उतरते. पातेल्यात फिकट पिवळं पाणी, वर चरबीचे सोनेरी ठिपके. याला इथं अळणी म्हणतात, म्हणजे मसाला पडायच्या आधीचा मटणाचा अर्क. पोरं वाट्या घेऊन आधीच रांगेत उभी आहेत. मावशीच्या नातवाला खोकला आहे, त्याच्या वाटीत मिऱ्याची पूड पडते. मलाही वाटी मिळते. पहिला घोट गरम आहे. मीठ बेताचं. मग हाडाचा गोडवा येतो, मग आल्याची ऊब, आणि ओठ एकमेकांना जरासे चिकटतात. हे चिकटणं म्हणजेच खाटकाच्या दुकानात झालेला निवाडा बरोबर होता, याची पावती. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, तालमीतून आलेल्या पोराला या भागात हेच पाणी आधी देतात.

मला वाटतं, कोल्हापूरच्या स्वयंपाकाचा पाया या वाटीत आहे, आणि तो या भागाबाहेर पोचलेलाच नाही. बाहेर पोचलं ते फक्त तिखट. ‘कोल्हापुरी’ नावानं देशभर जे लाल, जळजळीत, तेलानं माखलेलं वाढलं जातं, त्यात या वाटीचा मागमूस नसतो. मटण कसलंही असो, कुठल्याही भागाचं असो, मिरची वाढवली की झाकलं जातं. घरचं जेवण नेमकं उलट चालतं. मटण चांगलं निवडलेलं असतं, म्हणून मिरचीला झाकायला काही नसतं.

कलेजी आता. लोखंडी तव्यात एक पळी तेल, ठेचलेली मिरी, कलेजीच्या फोडी, मीठ. मावशी त्या दोन मिनिटं एका बाजूला ठेवते, उलटते, आणि ओल्या लसणाची पात मूठभर कापून वरून टाकते. पात नुसती कोमेजते, हिरवीच राहते. तवा खाली. कलेजी जास्त वेळ आचेवर राहिली तर कडक आणि कडसर होते, म्हणून ती उतरायला आणि खाणारे यायला एकच वेळ साधावी लागते. आम्ही उभ्यानंच खातो. आतून किंचित गुलाबी, मऊ, आणि लसणाच्या पातीचा तो कच्चा हिरवा झणका. सुक्या लसणाला तो येत नाही. हे दिवस सरले की ही चव वर्षभर मिळणार नाही.

मग वाटणं. सुकं खोबरं चुलीच्या निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजलंय, कांदाही सालासकट तिथंच. तीळ आणि खसखस तव्यावर. सूनबाई हे मिक्सरला लावते, आणि छान बारीक होतं. कोथिंबिरीचे देठ आणि लसूण मात्र मावशी पाट्यावर घेते. दोघींत यावर वाद नाही.

अळणीचे दोन वाटे होतात. तांबड्या रश्शाच्या पातेल्यात तेल तापतं, त्यात चटणी पडते. चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणून बरणीत भरलेला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, जोडीला सुकं खोबरं, लसूण, कांदा, धणे आणि खडे मसाले. मी चमच्यांकडं लक्ष ठेवून असतो. एवढ्या मोठ्या पातेल्याला तीन चमचे.

“एवढीच?”

“मग? मटणाची चव घालवू व्हय?”

वाटण परतून तेल सुटतं, त्यात अळणी उलटते, चर्र आवाज होतो आणि बघता बघता वर लाल कट चढतो. रंग डोळ्यात भरतो खरा, पण तो ब्याडगीचा. ती रंगाला पुढं आणि तिखटाला मागं.

पांढऱ्याला मावशी सगळ्यांना बाजूला करते. नारळ याच झाडाचा. पहिलं दाट दूध एका भांड्यात, दुसरं पातळ दुसऱ्यात. खसखस, तीळ आणि काजू यांचं गुळगुळीत वाटण. तुपावर लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, तमालपत्र, चिरलेली एक-दोन हिरवी मिरची, मग अळणी, वाटण आणि पातळ दूध. लाकडं मागं ओढली जातात. दाट दूध शेवटी, बारीक धारेनं, आणि त्यानंतर पळी थांबत नाही. उकळी फुटली की नारळाचं दूध फाटतं आणि रश्शात चोथा तरंगतो. कडेला वाफ धरते, बुडबुडा येऊ बघतो, त्या क्षणी पातेलं खाली. लाल मिरचीचा कण नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडं आली, त्याआधी इथल्या जिभेला तिखट म्हणजे मुख्यतः मिरी होती. तीच मिरी, गरम आणि सावकाश, या पांढऱ्या वाटीत घशाशी पोचते.

मांडीचे तुकडे सुक्क्याच्या कढईत पडतात. थोडं वाटण, थोडी चटणी, स्वतःची चरबी. कोरडं होत आलं की कांद्याची पात. चापांना मीठ आणि लिंबू एवढंच चोळून त्या जाळीवर निखाऱ्यावर जातात. पोरं तिथून हलत नाहीत.

साडेबारा. आधी आजींचं ताट. शाळूची भाकरी, पावटा-वांगं, कच्ची मेथी, मुळा, घरचं दही. त्या जेवायला बसल्यावर आमची पंगत परसात, नारळाच्या सावलीत. भाकरी तव्यावरून येत राहते. दोन वाट्या, एक तांबडी, एक पांढरी. सुक्कं ताटात, कांदा हातानं फोडलेला, लिंबू झाडावरचं. काका नळी ताटाच्या कडेवर ठोकतात, तोंडाला लावतात, डोळे मिटतात. कुणी फारसं बोलत नाही.

मी भाकरी आधी सुक्क्याशी खातो. मांडीचं मांस दातांना जाणवतं आणि मग सोडून देतं, पातीचा गोडवा मागं राहतो. तांबडा रस्सा भुरकला तर नाकाला ऊब येते, डोळ्यात पाणी नाही. गर्दनीचा तुकडा हाडावरून नुसत्या ओठांनी निघतो. पांढऱ्याची वाटी मी दोनदा मागून घेतो.

मग आजी आतून हाक मारतात. “माझं बी खाऊन बघ की रं. का मटण असलं की पावटा नगं?”

सूनबाई वाटी आणून देते. दाणा अख्खा आहे, दाताखाली सालातून सुटतो आणि लोण्यासारखा पसरतो. वांगं रश्शात विरघळल्यामुळं त्याला दाटपणा आलाय. लसूण तोच, सकाळी कापलेला. ताटात फऱ्याचं मटण असताना ही वाटी मागं पडत नाही. मी आजींना तसं सांगतो. “पडंल कशाला? सकाळी वेलावर हुता,” त्या म्हणतात.

शेवटी भात. त्यावर उरलेला पांढरा, वर तांबड्याची एक पळी. ताट धुतल्यासारखं होईपर्यंत कुणी उठत नाही.

कोल्हापुरी मटण घरी करायचं मनात असेल, तर मसाल्याचं पाकीट नंतर आणा. आधी खाटकाकडं सकाळी लवकर जा आणि रश्शाचं वेगळं, सुक्क्याचं वेगळं मागा. नळी सोडू नका. मसाला टाकायच्या आधी अळणीची एक वाटी बाजूला काढून घरातल्या सगळ्यांना द्या. आणि परस नसलं तरी खिडकीतल्या कुंडीत लसणाच्या दहा पाकळ्या टोचा. पंधरा-वीस दिवसांत पात कापायला येते, एका तव्याच्या कलेजीला ती पुरते.